मापनास अयोग्य

फळीच्या कडेपासून अमुक इतकं अंतर सोडून कडेला समांतर अशी एक सरळ रेघ मारायची. एवढंच. वाचायला किती सोपं वाटतं! मलाही वाटलं होतं. हाताशी पट्टी होती, टोक काढलेली पेन्सिल होती, आणि नोंदणी कार्यालयात बावीस वर्षं रकाने आखण्याचा अनुभव होता. पण कागदावरची रेघ आणि लाकडावरची रेघ यांचं एकमेकींशी काही नातं नाही. कागदावरची चुकली तर खोडरबर असतं. लाकडावरची चुकली की तिच्यावरून करवत फिरते, आणि मग ती चूक दोन तुकड्यांत आपल्या हातात येते.

निमित्त होतं चमच्यांचं. आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात चमचे, काटे, सुऱ्या आणि गाळणी एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पडलेली असत. बायको एक चमचा ओढायला जाई आणि त्याच्या मागोमाग साताठ जण मिरवणुकीने बाहेर येत. बाजारात यासाठी कप्प्यांचा तयार ट्रे मिळतो. बायको तो आणायला निघालीच होती, तेवढ्यात मी म्हणालो, "थांब, मी करतो." माणसाने फार विचार करून उच्चारावेत अशा शब्दांची कोणी यादी केली, तर त्यात हे तीन शब्द अगदी वर असतील.

गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या जागेत मी एक जुनं टेबल लावलं. त्याला मी वर्कशॉप म्हणू लागलो. बायको 'तो पसारा' म्हणे. पहिला ट्रे डावीकडे निमुळता झाला, दुसरा उजवीकडे. तिसरा दोन्हीकडून अगदी बरोबर झाला, फक्त खणात मावला नाही.

चौथ्याच्या वेळी सासरे मध्ये पडले.

माझे सासरे चौतीस वर्षं एका कारखान्याच्या तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग हातात घ्यायचे, मोजायचे आणि नाकारायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर नाकारायला कारखान्याचा माल उरला नाही, तेव्हा ते घरातल्या वस्तू नाकारू लागले. खुर्चीचा चौथा पाय, खिडकीची कडी, दूधवाल्याचं माप आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी. दर रविवारी सकाळी दहाला ते आमच्याकडे येत, लेकीच्या हातचा चहा पीत आणि कप खाली ठेवताना म्हणत, "चालेल." त्यांच्याकडे यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं.

एकोणीस वर्षं ते मला 'तुम्ही' म्हणत आले होते. 'तुम्ही बसा', 'तुम्ही घ्या', 'तुमचं ऑफिस काय म्हणतंय?' जावयाला म्हणतात तो हा 'तुम्ही'. त्यात मान असतो, नाही असं नाही. पण पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपातून चहा मिळावा, तसा तो मान. त्या रविवारी ते गॅलरीच्या दारात आले, माझं काम थोडा वेळ बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "अरे, पेन्सिल अशी तिरपी काय धरतोस? टोक पट्टीला चिकटू दे की!"

माझ्या हातून पेन्सिलच पडली. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते घसा खाकरून दाराच्या कडीकडे बघू लागले. पण चूक दुरुस्त केली नाही त्यांनी. पुढच्या वाक्यातही मी 'तू'च होतो. माझ्यासारख्या पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला सासऱ्याने अरे-तुरे केल्याचा इतका आनंद व्हावा, हे काही शोभणारं नव्हे. पण झाला.

त्यांनी चौथा ट्रे मोजला आणि बाजूला ठेवला. "रेघच हलतेय तुझी. सुतारांकडे रेघ मारायचं एक लाकडी हत्यार असतं. ते आण."

मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "ते आता कोण नेतंय साहेब? सगळं मशीनवर कापून येतं. दुसरं काही दाखवू?" या 'दुसरं काही'वरच त्याचं दुकान चालत असावं. त्याने खालच्या फळीवरून एक धुळीने भरलेलं खोकं ओढलं. आत व्हर्नियर होते. कुठल्याशा प्रशिक्षण शाळेने मागवलेले आणि मग ती शाळाच बंद पडलेली.

व्हर्नियर म्हणजे पक्ष्याच्या चोचीसारखे दोन जबडे असलेली पोलादी पट्टी. एक जबडा पक्का, दुसरा पट्टीवरून सरकणारा. दोघांच्या मध्ये वस्तू धरायची आणि पट्टीवर तिची जाडी वाचायची. मी विचारलं, "बरोबर मोजतात का?"

"या किमतीत मोजतात हेच खूप समजा," तो म्हणाला. "वर बरोबर कशाला?"

त्याच्या प्रांजळपणाला भुलून मी एक घेतला. घरी येऊन जबडे उघड-मीट करत बसलो असताना माझ्या डोक्यात ती कल्पना आली. एक जबडा फळीच्या कडेला टेकवून ठेवायचा. दुसरा घासून थोडा आखूड आणि टोकदार करायचा, म्हणजे तो फळीच्या पाठीवर टेकेल. हवं ते अंतर लावून स्क्रू आवळायचा आणि फळीच्या कडेने सरळ ओढत न्यायचं. रेघ चुकेलच कशी? मोजायचं यंत्र आणि आखायचं यंत्र एकाच पट्टीत! हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही, याचं मला नवल वाटलं. (ते पुष्कळांना सुचलेलं आहे, असं नंतर कळलं. पण तोवर मला संशोधक होऊन चार दिवस झाले होते.)

कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून छोटा ग्राइंडर मागून आणला आणि गॅलरीत जबडा घासायला लागलो. दोन मिनिटांत दारावर इमारतीचे सेक्रेटरी उभे.

"दातांचा दवाखाना काढलात की काय?" त्यांनी विचारलं. "खाली सभेचं इतिवृत्त लिहितोय मी. 'ठराव सर्वानुमते' इथपर्यंत आलो आणि माझ्याच दाढा शिवशिवायला लागल्या."

मी त्यांना आत आणलं आणि फळीवर रेघ मारून दाखवली. केसाइतकी बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न ढळणारी. सेक्रेटरींनी चष्मा वर करून ती बघितली. तक्रार करायला आलेला माणूस असा विरघळताना मी प्रथमच बघत होतो. जाताना ते म्हणाले, "खालच्या सगळ्या पत्रपेट्यांवर नावाच्या पट्ट्या लावायच्या आहेत. एकही सरळ लागत नाही. मला एक करून द्या."

पुढच्या रविवारी सासऱ्यांनी ते हत्यार हातात घेतलं, हलवून बघितलं, त्याने एक रेघ मारली आणि बराच वेळ तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"डोकं चाललंय तुझं," ते म्हणाले. हे 'चालेल'च्याही वरचं होतं. मग त्यांनी जबडे मिटले आणि उजेडाकडे धरले. "पण हे डुगडुगतंय. आखायला ठीक. आणि आता मोजणार कशाने? होतं ते एक, तेही घासून बसलास."

"पट्टी आहे की, बाबा."

"पट्टी!" शाळेतल्या मुलाने दुधाच्या दातांची बढाई मारल्यावर हसावं, तसे ते माझ्याकडे बघून हसले. निघताना बायकोशी दारात काहीतरी कुजबुजले, ते मला ऐकू आलं नाही.

तोपर्यंत माझी कीर्ती जिन्याने वर-खाली फिरली होती. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. कापडाच्या कडेला आत दुमडायला जी जास्तीची पट्टी सोडतात, तिला त्यांच्या धंद्यात माया म्हणतात. "माया सगळीकडे सारखी सुटायला हवी हो," त्या म्हणाल्या. "माझी एकीकडे जास्त होते, एकीकडे कमी." त्यांना स्वतःला एक, बहिणीला एक. वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक जुन्या पुस्तकांना पुठ्ठे बांधतात, त्यांना एक. सेक्रेटरींचं एक होतंच. प्रत्येकाने आपापली सुधारणाही सुचवली. बाई म्हणाल्या, टोक बोथट ठेवा, कापड फाटायला नको. सेक्रेटरी म्हणाले, धरायची बाजू लाल करा, इमारतीची मालमत्ता ओळखू येते. मुख्याध्यापक म्हणाले, याला एक समर्पक मराठी नाव हवं, आणि तीन नावं लिहून दिली. त्यातलं सगळ्यात लहान सात अक्षरी होतं.

सोमवारी संध्याकाळी मी खोक्यातले आणखी सहा व्हर्नियर आणून टेबलावर ओतले. मंगळवारी ऑफिसला सर्दी कळवली. सकाळी चहा देताना बायकोने विचारलं, "तुमच्या टेबलावर काही वेगळं दिसलं का?"

"वेगळं कसं असेल? सगळे एकाच खोक्यातले."

"नीट बघा तरी," ती म्हणाली आणि उगाच हसली. घासकामाच्या दिवशी बायकांना टोमणे मारायची हुक्की येते, असं समजून मी दुर्लक्ष केलं. एकोणीस वर्षांच्या संसारात मी ज्या ज्या गोष्टींकडे दुर्लक्ष केलं, त्यांत बहुतेक बरोबर केलं. ही एक सोडून.

टेबलावर एक तेलकट फडकं होतं. ते ओढून घेऊन त्याला मी हात पुसले. मग एक एक व्हर्नियर घेऊन घासत सुटलो. पाचव्याच्या वेळी हाताला काही निराळंच लागलं. हा जड होता. जबडा बोटाच्या नुसत्या टेकण्याने सरकत होता आणि सोडला तिथे थांबत होता. मिटल्यावर दोन जबड्यांच्या मधून उजेडाचा धागाही दिसत नव्हता. मागच्या बाजूला बारीक कोरलेला आकडा होता, ४१७. कारखान्याचा माल-क्रमांक असणार! बघा, मी मनाशी म्हणालो, एवढ्या भंगारातही एखादा असा निघतो. दुकानदाराला उगीच नावं ठेवली.

आणि मग, हे सांगताना आजही माझी मान खाली जाते, तो मी सगळ्यांत मन लावून घासला. बाकीच्यांना दोन-दोन मिनिटं दिली असतील, त्याला अर्धा तास दिला. पोलाद तापू नये म्हणून मध्ये मध्ये पाण्यात बुडवला. टोकाला सुईसारखी धार आणली. शेवटी मोजले तर सात निघाले. दुकानदाराने चुकून एक जास्त टाकला, असं समजून खूष झालो. सगळ्यांत चांगला द्यायचा कोणाला? मान मुख्याध्यापकांचा. संध्याकाळी मी तो स्वतः नेऊन त्यांच्या हातात ठेवला.

रविवारी दहाला सासरे आले. चहा घेतला, पण कप हातातच राहिला.

"मिळालं का?" त्यांनी विचारलं.

"काय, बाबा?"

"सोमवारी तू ऑफिसात असताना येऊन टेबलावर ठेवलं होतं. फडक्यात गुंडाळून."

बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "मी सांगणार होते, पण बाबा नको म्हणाले. म्हणाले, हातात घेतलं की त्याला कळेल."

चौतीस वर्षं त्यांच्या शर्टाच्या खिशात असलेला तो व्हर्नियर मी फोटोतही बघितला होता. खिशाबाहेर डोकावणारं त्याचं टोक. लग्नातसुद्धा तो त्यांच्या खिशात होता, असं सासूबाई सांगत. आणि ४१७ म्हणजे कुठलाही माल-क्रमांक नव्हता. तो सासऱ्यांचा हजेरी क्रमांक होता.

"हो, हो!" मी म्हणालो. "कळलं ना. लगेच कळलं."

"कसं वाटलं?"

"लोण्यासारखं सरकतं, बाबा." निदान एवढं तरी खरं होतं.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "एक दिवस तेल चुकवलं नाही त्याला. कुठंय?"

"कपाटात. जपून ठेवलंय."

"कपाटात कशाला? वापरायला दिलंय तुला." कप खाली ठेवून ते म्हणाले, "चालेल." कप तेव्हा अर्धा भरलेला होता.

खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ऑफिसात रोज लोकांना सांगतो, चुकीची नोंद झाली तर लगेच कळवा, उशीर केला की अवघड होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र मी 'जरा वरून येतो' म्हणून जिन्याने पळालो.

मुख्याध्यापकांनी हसतमुखाने दार उघडलं. "तुमच्याकडेच येणार होतो. तुमचं ते यंत्र पाहिलं आणि मला एक शंका आली. मोजण्याच्या साधनात असा बदल करणं नियमात बसतं का? आपल्याकडून अजाणता गुन्हा नको, म्हणून गुरुवारी वजनमापे कार्यालयात जाऊन विचारून आलो."

"मग?"

"त्यांनाही शंका आली. त्यांनी ते ठेवून घेतलं." त्यांनी अभिमानाने पावती पुढे केली. "बघा, रीतसर पावती दिली आहे."

सोमवारी मला पुन्हा सर्दी झाली. वजनमापे कार्यालयात एका लांब खोलीत टेबलांच्या दोन रांगा होत्या, आणि प्रत्येक टेबलावर पितळी वजनं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली होती. त्यांचा दुसरा काही उपयोग होताना मला दिसला नाही. निरीक्षक सभ्य गृहस्थ होते. माझी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकली. स्वतः कार्यालयात काम करत असल्यामुळे मला तो शांतपणा ओळखू आला.

"असं बघा," ते म्हणाले, "हे मापनयंत्र असेल, तर त्यात फेरफार झालेला आहे. तसं परत करता येत नाही."

"मग ते मापनयंत्र नाही, असं समजा."

"मापनयंत्र नसेल, तर ते आमच्या अखत्यारीत येत नाही."

"मग द्या परत!"

"जे अखत्यारीत येत नाही, ते परत करायचा अधिकार आम्हाला कसा असेल?"

हा युक्तिवाद मी स्वतः कित्येक लोकांना ऐकवला आहे. तो इतका अचूक असतो, हे पलीकडच्या खुर्चीवर बसल्यावर कळलं.

शेवटी त्यांना माझी दया आली. एक मार्ग होता. मूळ मालकाने यायचं, क्रमांकाची ओळख पटवायची आणि साधन मोजण्याच्या कामातून बाद केल्याचं लिहून द्यायचं. "हा ४१७ कोणाचा आहे? त्यांना घेऊन या."

फोनवर मी सासऱ्यांना इतकंच म्हणालो, की व्हर्नियर वजनमापे कार्यालयात आहे आणि तुमची एक सही हवी आहे. मला वाटलं, आता विचारणार, 'तिथे कसा गेला?' मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो.

"तपासून घ्यायला दिलास होय?" ते म्हणाले. "बरं केलंस. निवृत्त झाल्यापासून राहूनच गेलं होतं. दर वर्षी करायला हवं."

मी 'हो' म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

बुधवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसथांब्यावर माझ्या आधी हजर होते. बसमध्ये खिडकीशी बसून सगळा वेळ बोलत होते. एकोणीस वर्षांत बोलले नसतील इतकं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एकशे बारा भाग नाकारले आणि फोरमनने चिडून फेरतपासणी केली, तर एकशे बाराच्या एकशे बारा सदोष निघाले, ती गोष्ट. "तेव्हापासून माझ्या सहीवर कोणी प्रश्न केला नाही," ते म्हणाले. "तूही बघ, आता तुझ्या हातात चांगलं माप आहे. घाई करायची नाही. दोनदा मोजायचं." मी मान डोलवत होतो. प्रत्येक थांब्यावर मनाशी म्हणत होतो, पुढच्या थांब्यावर सांगू. थांबे अकरा होते.

निरीक्षकांनी खणातून पाकीट काढलं आणि व्हर्नियर टेबलावर ठेवला.

सासऱ्यांनी तो उचलला. आधी उलटा करून आकडा बघितला, मग सुलटा केला. त्यांचा अंगठा सवयीने सरकत्या जबड्याच्या टोकाकडे गेला. जिथे टोक असायला हवं तिथे ते नव्हतं. अंगठा तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. जबडे मिटले, खिडकीच्या उजेडाकडे धरले, उघडले, पुन्हा मिटले. रोज शेकडो भाग हाताखालून गेलेल्या माणसाचं ते बघणं होतं. घाई नाही, राग नाही.

"ओळख पटली का?" निरीक्षकांनी विचारलं.

"माझंच आहे."

"मग इथे लिहावं लागेल. साधनाची स्थिती, आणि खाली सही."

मी म्हणालो, "मी लिहितो, बाबा. तुम्ही नुसती सही करा."

"तपासणाऱ्याने लिहायचं असतं," ते म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं, चष्मा पुसला आणि छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'सरकता जबडा टोकाशी घासला गेला आहे. मापनास अयोग्य.' खाली सही केली, तारीख घातली. सवयीने सहीखाली ४१७ लिहायला लागले होते. चारचा आकडा काढल्यावर थांबले आणि तो खोडला.

निरीक्षकांनी कागदावर शिक्का मारला. "आता हे मापनयंत्र राहिलं नाही. नेऊ शकता."

परतीच्या बसमध्ये जागा होती. पण ते उभे राहिले, म्हणून मीही उभा राहिलो. पाचेक थांबे गेले असतील. मी म्हणालो, "बाबा, जबड्यांच्या मुळाशी धरलं तर अजून बरोबर माप दाखवतं."

"दाखवेल."

"मला वाटलं, ते खोक्यातलंच एक."

"आणि हातात घेतल्यावर?"

खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता. "हातात घेतल्यावर फार चांगलं वाटलं होतं, बाबा. इतर कशापेक्षाही चांगलं."

"चांगलं वाटलं," ते म्हणाले, "आणि तरी घासलंत."

घासलंस नाही. घासलंत. बसच्या आवाजात एखाद्याला ऐकूही आलं नसतं. मला आलं.

उतरताना त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "तुम्ही ठेवा. दिलेली वस्तू आहे." आणि रस्ता ओलांडून ते त्यांच्या घराकडे गेले.

बायकोला मी त्या दिवशी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आई गेल्यापासून त्यांनी कोणाला स्वतःहून काही दिलं नव्हतं हो," आणि उठून भांडी लावायला लागली. मी माफीचं पत्र लिहिलं, ते चार मसुद्यांनंतर आमच्या कार्यालयाच्या स्मरणपत्रासारखं वाटू लागलं, म्हणून फाडलं. शेवटी समोर जाऊन म्हणालो, "बाबा, चुकलं माझं." ते म्हणाले, "असू द्या. होतं असं." इतक्या सौजन्याने म्हणाले की पुढे बोलायला जागाच राहिली नाही.

चमच्यांचा ट्रे पूर्ण झाला, हे सांगायचं राहिलंच. सगळे कप्पे समांतर आहेत. चमचे एकीकडे, काटे एकीकडे. आता कोणी कोणाच्या गळ्यात पडत नाही. पत्रपेट्यांवरच्या पट्ट्या सरळ आहेत. ४१७ क्रमांकाचा व्हर्नियर मात्र मी वापरत नाही. महिन्यातून एकदा काढतो, तेल लावतो आणि परत ठेवतो.

सासरे अजूनही दर रविवारी दहाला येतात. चहा घेतात, माझ्या ऑफिसची चौकशी करतात आणि हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचत बसतात. गॅलरीचं दार मी उघडंच ठेवतो. एकदा एका स्टुलाचा सांधा बसेना, म्हणून त्यांना विचारायला गेलो. त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता म्हटलं, "तुम्हीच बघा. तुम्हाला येतं आता."

गेल्या रविवारी मी मुद्दाम करवत वाकडी धरली. कारखान्यातून आलेल्या माणसाला हत्याराचा चुकीचा आवाज सहन होत नाही, असा माझा हिशोब होता. पातं लाकडात अडकलं आणि करवत अशी किंचाळली की खालून शिवणवाल्या बाईंनी खिडकीतून वर बघितलं. हॉलमधली वर्तमानपत्राची सळसळ थांबली. मी आणखी जोर लावला, आणखी वाकडी धरली. आता उठतील, मी म्हणत होतो, आता येतील आणि करवत माझ्या हातातून काढून घेतील. खुर्ची करकरल्यासारखी वाटली. मी हात थांबवून वाट बघितली.

हॉलमध्ये पान उलटल्याचा आवाज आला.

मी करवत सोडवली, सरळ धरली आणि उरलेली फळी कापली. तुकडा खाली पडला. बघितलं तर अगदी रेघेवर कापला गेला होता.